चौथ्या बोटाची जागा

मी एक गिटार बोलतेय. लाकडाचं बोलणं हळूच असतं, म्हणून जरा जवळ येऊन बसा.

मला घडवणारा तसा खुर्च्या-टेबलं करणारा सुतार. गिटारी तो हौसेनं करायचा, वर्षाला एक किंवा दोन. माझी पुढची फळी हातात धरून तो बोटाच्या पेरानं ठोकायचा, कान लावायचा, मान हलवायचा आणि पुन्हा रंधा मारायला बसायचा. त्याची बायको दारातून विचारायची, "आत कुणी आहे का?" तो म्हणायचा, "अजून नाही. जागा करतोय."

तुम्हाला कदाचित ठाऊक नसेल, पण आम्ही नुसत्या भिंतीला टांगलेल्या असलो तरी ऐकत असतो. खोलीत कुणी खोकलं, खुर्ची सरकवली, की आमची एखादी तार आतल्या आत शहारते. आमच्यासमोर माणसं भांडतात, रडतात आणि समजतात की खोलीत कुणी नाही.

मला पहिल्यांदा एका विद्यार्थ्यानं घेतलं, एका मुलीवर छाप पाडायला. छाप पडली की नाही, कुणास ठाऊक. मी मात्र कपाटावर पडले ती चार वर्षं. धूळ खाल्ली, एक तार गंजून तुटली. मग तो गाव सोडून जाताना सामान विकायला निघाला, आणि मी एका बाइंडरच्या हाती आले.

हा बाइंडर म्हणजे फाटक्या पुस्तकांना नवे पुठ्ठे घालणारा माणूस. अंगाला कायम खळीचा वास. मी त्याच्याकडे आले त्याच्या तीन महिने आधी कागद कापायच्या यंत्रात त्याच्या उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट मुळापासून गेलं होतं. करंगळी वाचली, पण ती वाकत नव्हती. डॉक्टर म्हणाले होते, "उरलेल्या बोटांना काही काम द्या, नाहीतर तीही आखडतील."

"भांडी घासा," त्याची बायको म्हणाली होती. "चांगला व्यायाम होतो."

त्यानं मला आणलं. महिनाभर माझा आवाज ऐकल्यावर ती म्हणाली, "भांडीच बरी होती."

शिकवायला त्याला कुणी नव्हतं. गिटारच्या शिकवणीचं एक सुटं झालेलं पुस्तक दुकानात बांधायला आलं होतं, ते परत करायला त्यानं तीन आठवडे लावले. त्या पुस्तकात हाताचं एक चित्र होतं. अंगठा जाड तारेवर, तर्जनी तिसरीवर, मधलं बोट दुसरीवर, आणि त्याच्या पलीकडचं, म्हणजे अंगठ्यापासून मोजलं तर चौथं, सगळ्यात बारीक अशा पहिल्या तारेवर. एकामागून एक छेडत जायचं, तसंच मागं यायचं. एक, दोन, तीन, चार, तीन, दोन. याला आर्पेजिओ म्हणतात, असं त्याखाली लिहिलं होतं.

बाइंडरला चौथं बोट नव्हतं. दुसरा कुणी असता तर मधलंच बोट पुढं सरकवून त्यानं काम भागवलं असतं. यानं तसं केलं नाही. एक, दोन, तीन वाजवायचा, चौथ्याची वेळ तशीच जाऊ द्यायचा, आणि मग तीन, दोन. हात थांबायचा नाही, फक्त तेवढा सूर नसायचा. त्या क्षणी बोटाच्या जागचं कातडं किंचित हलायचं, ते मला माझ्या फळीवर जाणवायचं.

"कधीकधी ते बोट खाजतं," तो बायकोला सांगायचा.

"मग खाजवा की," ती म्हणायची.

त्याला दुकानात लवकर जेवायची सवय होती. बायको संध्याकाळी जेवायची, एकटी. तिनं एकटीनं जेवावं हे त्याला बरं वाटायचं नाही. म्हणून तिचं ताट वाढलं की तो हात धुवून मला मांडीवर घ्यायचा. दोनच कॉर्ड, ए मायनर आणि ई, आलटून पालटून. तिचा शेवटचा घास होईपर्यंत मी वाजायचे, आणि मग पुन्हा खुंटीवर. एका ताटाला जितका वेळ लागतो तितकंच माझं रोजचं आयुष्य होतं. असं तीस वर्षं चाललं.

एका दुपारी तो दुकानातच खुर्चीत बसल्या बसल्या गेला.

बायकोला विसरण्याचा आजार तो जाण्याआधीच लागला होता. त्यांची मुलगी एका चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करायची. ती आपलं बिऱ्हाड उचलून आईकडे राहायला आली. पहिल्या संध्याकाळी तिनं ताट वाढलं. आई हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

"हे आले नाहीत?"

"आई, बाबा गेले. सांगितलं ना मी तुला सकाळी."

"गेले म्हणजे उशीर होणार असेल. वाजवायला लागले की मला हाक मार."

ताट तसंच परत गेलं. दुसऱ्या दिवशीही गेलं. दिवसभरात दोन-तीन कप दूध तिच्या पोटात जायचं, तेवढंच. लेकीनं गोड बोलून पाहिलं, रागावून पाहिलं, चमचा ओठाला लावून पाहिला. आई तोंड मिटून माझ्याकडे बघत बसायची. बाइंडरचं वाजवणं कुणी मोबाइलमध्ये घेऊन ठेवलं नव्हतं. रोजचंच, ते काय घेऊन ठेवायचं, असं सगळ्यांना वाटलं असणार.

डॉक्टर घरी येऊन गेले. म्हणाले, "आठ दिवस बघू. वजन असंच उतरत राहिलं तर दवाखान्यात ठेवून नाकातल्या नळीतून अन्न द्यावं लागेल."

"ती नळी ओढून काढेल."

"मग हात बांधावे लागतात," डॉक्टर म्हणाले, आणि बॅग बंद करत बसले.

त्याच दिवशी लेकीनं दुकानातून रजा घेतली, मला खुंटीवरून काढलं आणि रंगाच्या दुकानाच्या माडीवर शिकवणी घेणाऱ्या एका मास्तरांकडे नेलं. मास्तर वयस्कर, कानात केस, बोलायला तिखट.

"किती दिवसांत शिकायचंय?" त्यांनी विचारलं.

"आठ."

"कार्यक्रम आहे का?"

"आईला जेवायला घालायचंय."

मास्तरांनी मग थट्टा केली नाही. त्यांनी माझ्या तारा जुळवल्या. लेकीनं बाबा वाजवायचे ते गुणगुणून दाखवलं, त्यांनी ऐकलं आणि तिचा डावा हात माझ्या गळ्यावर ठेवला.

"हे बघ बाई. कॉर्ड म्हणजे घरातली सगळी माणसं एकदम बोलतात ते. आर्पेजिओ म्हणजे तीच माणसं, पण एकेक जण बोलतो. बाकीचे गप्प असतात, उठून गेलेले नसतात. म्हणून ज्या तारेचं काम झालं तिच्यावरचं डावं बोट उचलायचं नाही. पुढचा सूर आला तरी मागचा घरातच राहिला पाहिजे."

ती पुन्हा पुन्हा बोट उचलायची. माझा सूर मध्येच गळा दाबल्यासारखा मरायचा. मास्तर म्हणायचे, "हाकललंस त्याला. बोलाव परत." चौथ्या दिवशी तिच्या बोटांच्या टोकांना फोड आले. पाचव्या दिवशी फुटले. काचा घासणाऱ्या हातांना बारीक कामाची सवय असते, त्यामुळे ती चिवटपणे शिकली. सहाव्या दिवशी एक, दोन, तीन, चार, तीन, दोन असं पाणी वाहावं तसं माझ्यातून निघायला लागलं. मास्तरांनी डोळे मिटून ऐकलं आणि नुसतं "हं" म्हणाले. त्यांच्याकडून हे फार होतं.

संध्याकाळी तिनं आईचं ताट वाढलं आणि मला मांडीवर घेतलं. दोन ओळी वाजवल्या. आईचा चमच्याकडे गेलेला हात मध्येच थांबला.

"हे कोण आहे?"

"मी वाजवतेय आई. बाबांचंच."

"ह्यांचं नाही हे." आईनं खुर्ची मागं ओढली. "ह्यांच्यात आणखी कुणीतरी घुसलंय. तीन माणसं आपली आहेत. तो चौथा कोण? त्याला बाहेर काढ."

लेक मला धरून तशीच बसली. त्या रात्री ती जेवलीही नाही.

सकाळी माडीवर तिनं मास्तरांना हे सांगितलं. मास्तरांनी कान खाजवला. "तुझे बाबा किती बोटांनी वाजवायचे?"

"चार. सगळे वाज..." ती थांबली. मग हळूच म्हणाली, "त्यांना ते बोट नव्हतंच."

जन्मभर तिनं ते वाजणं ऐकलं होतं आणि बाबांचा हातही पाहिला होता, पण दोन्ही गोष्टी कधी एकत्र आणल्या नव्हत्या. माणसांचे कान असेच मायाळू असतात. जे नाही ते भरून घेतात आणि पूर्ण ऐकलं असं समजतात. मला ठाऊक होतं, पण मला विचारतो कोण.

"मग सोडून दे चौथा," मास्तर म्हणाले. "पण वेळ खाऊ नकोस त्याची. तो येणार आहे असं समजून जागा ठेव."

हे शिकणं आधीच्यापेक्षा अवघड निघालं. बोट आपसूक तारेकडे जायचं. तिनं शेवटी ते बोट करंगळीला कापडी पट्टीनं बांधलं.

आठव्या संध्याकाळी ताट वाढलं. एक, दोन, तीन, मोकळी जागा, तीन, दोन. आईनं मान वर केली. बराच वेळ ऐकलं. मग अगदी सहज, कालही जेवली असल्यासारखी, तिनं चमचा उचलला.

लेकीच्या डोळ्यांतून पाणी माझ्या फळीवर पडत होतं, पण हात चालू होता. पाच घास झाले. सहावा घास आईच्या तोंडात होता, आणि त्या मोकळ्या जागेत माझी पहिली तार वाजली.

लेकीचं बोट पट्टीत बांधलेलं होतं. तिनं खाली पाहिलं. तिचा चेहरा चुन्यासारखा झाला. पण आई जेवत होती, म्हणून तिनं हात थांबवला नाही. पुढच्या फेरीत जागा आली, तार पुन्हा वाजली. जरा उशिरा, जरा कच्ची.

आईनं घास गिळला आणि म्हणाली, "बोट बरं झालं वाटतं ह्यांचं."

ताट रिकामं झालं.

दुसऱ्या दिवशी लेकीनं मास्तरांना विचारलं, एक तार वाजली की शेजारची आपोआप वाजते का. "हलते," मास्तर म्हणाले. "लाकूड एकच आहे ना. हलणारच." मास्तर खोटं बोलले नव्हते. पण तार हलणं वेगळं आणि तार ओढली जाणं वेगळं, हे माझ्याइतकं कुणाला कळणार?

बाइंडरची तीन बोटं मला पाठ आहेत. तीस वर्षांत त्यांची टोकं शिंगासारखी कडक झाली होती. हे जे बोट माझ्या पहिल्या तारेवर येतं ते तसं नाही. ते मऊ आहे. त्यानं कधी तार छेडलेलीच नाही, कारण मी त्या घरात येण्याआधीच ते गेलं होतं. पहिल्या आठवड्यात ते बिचकत यायचं, कधी तारेवरून घसरायचं, कधी ठोका चुकायचं. मग त्याला वेळ सापडायला लागली. आता महिना झाला, आणि त्याचं टोक मला थोडं कडक लागतं. ते येण्याआधी तारेला गारवा येतो. खोलीत खळीचा वासही येतो. आईला त्याचं काही वाटत नाही. लेक आता पट्टी बांधत नाही, पण आपलं चौथं बोट तळहाताशी मिटून घेते, वाटेत उभ्या असलेल्यानं बाजूला व्हावं तसं.

आईच्या अंगावर मांस आलंय. डॉक्टर वजन पाहून गेले, नळीचं नाव काढलं नाही. मात्र लेक वाळत चालली होती. ताटभर वेळ वाजवायचं, मग आईला झोपवायचं, आणि स्वतः काही न खाता अंथरुणावर पडायचं.

काल आई घास घेता घेता थांबली आणि लेकीकडे टक लावून बघत राहिली. फार दिवसांनी तिनं तिला नीट ओळखलं असावं.

"पोरी, किती वाळलीस. ठेव ते खाली आणि ताट घे. हे आहेत ना वाजवायला."

"आई, मी थांबले तर..."

"घे म्हणते ना."

लेकीनं मला रिकाम्या खुर्चीवर आडवं ठेवलं आणि दुसरं ताट घेतलं. आईच्या हातातला चमचा अधांतरी राहिला होता. लेकीनं डोळे मिटून घेतले.

एक, दोन, तीन ठोके काही झालं नाही. मग माझी पहिली तार वाजली. मग पुन्हा पाच ठोके शांतता, आणि पुन्हा तोच एक सूर, आता अगदी वेळेवर. आईनं घास तोंडात घातला. थोड्या वेळानं लेकीनंही घातला. दोघी जेवत राहिल्या. मी खुर्चीवर पडून होते, आणि माझ्या अंगावर कुणाचाही हात नव्हता.

मी आता जुनी झालेय. गळा किंचित वाकलाय, आणखी दहा-वीस वर्षं निघतील. या दोघींनंतर मी कुणाच्या तरी घरी जाईन, कदाचित तुमच्याच. माझ्यावर आर्पेजिओ शिकायला बसाल तेव्हा चौथी जागा एखाद्या वेळी मोकळी ठेवून बघा. तिथं सूर आला तर मला टाकून उठू नका. आणि ठोका थोडा चुकला तर हसू नका. त्या बोटानं फार उशिरा सुरुवात केलीय, अजून शिकतंय.