कवडूरावांच्या हातचे कप

चरोद्याच्या बुद्धविहारात दर रविवारी वंदनेनंतर इंग्रजीचा वर्ग भरत असे. रेल्वेच्या यार्डात डबे जोडण्यात हयात घालवलेले कवडूराव तेथे पहिल्या रांगेत सपत्नीक विराजमान होत. त्या रविवारी वस्तीतल्याच दीक्षाने, म्हणजे वर्गाच्या शिक्षिकेने, फळ्यावर 'गेट अवे विथ' असे लिहिले. चूक करूनही शिक्षेतून सहीसलामत सुटणे, हा त्याचा अर्थ. प्रत्येकाने हे शब्द वापरून आपल्या आयुष्यातले खरे वाक्य सांगावे. ज्याला जमणार नाही त्याने वर्गाचे चहाचे कप धुवावे, असा दंडक होता.

कवडूराव पेचात पडले.

"पोरी, माह्या हातून गुन्हाच घडला नाही. खरं वाक्य आनू कुठून?" त्यांनी नम्रपणे, परंतु किंचित अभिमानाने निवेदन केले.

दीक्षाने हसत कपांचा ट्रे पुढे केला. तोच त्यांच्या धर्मपत्नी गिरजाबाई कळवळल्या, "बाई, यायले कप नको देऊ. यायचे हात लोखंडाचे. लग्न झाल्या झाल्या दोन कप फोडले, तवापासून मी यायले मोरीकडे फिरकूच देलं नाही."

कवडूरावांना एकदम आठवले. ते दोन कप हातून निसटले नव्हते. त्यांनी ते निसटू दिले होते. इतक्या वर्षांत ही गोष्ट त्यांच्या स्वतःच्याही विस्मरणात गेली होती.

आता उपाय एकच. एक कप फोडावा आणि घरची सवलत अबाधित राखावी. नळाखाली पहिला कप धरून त्यांनी बोटे सैल केली. परंतु कप विहाराचा, वस्तीने वर्गणी काढून आणलेला. समाजाची वस्तू जाणूनबुजून फोडणे त्या सच्छील पुरुषास मरणप्राय वाटले. बोटे आपोआप आवळली गेली.

मग हात जे चालू लागले ते थांबेनात. कानापाशी, बुडाशी, कुठे डाग म्हणून राहिला नाही. सारे कप लखलखत पालथे झाले. एकाचाही टवका उडाला नाही.

गिरजाबाई दारात उभ्या राहून हे सारे पाहत होत्या. त्या सावकाश फळ्यापाशी गेल्या, पदर सावरला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "माय हजबंड गॉट अवे विथ इट फॉर थर्टी इयर्स." आणि यजमानांकडे वळून, "आता घरी चला. सकायची भांडी मोरीतच हायेत."

वर्गाने टाळ्यांचा कडकडाट केला. कवडूरावांनीही ओल्या हातांनी टाळ्या वाजवल्या. वाक्यात खरोखरच कसली खोट नव्हती.