आबांच्या घराचं मोल

आश्विनाचं सुवर्णसोज्ज्वळ ऊन कृष्णा-कोयनेच्या संगमावर सांडलं होतं. निरभ्र नीलिमेखाली ऊस हिरवागार, वाळवंट पिवळंधमक, पाणी निवळशंख. आणि नदीकाठच्या वसाहतीत आबा कणशांचं तीन खोल्यांचं घर नव्या चुन्यानं शरद्धवल झळकत होतं. ते पाहून माणिकनं फाटकातच कपाळाला हात लावला.

काय म्हणावं या बाईला! शालनअक्का, आबांची थोरली, बिनलग्नाची लेक. वीस वर्षं बापाची काठी झालेली, त्याच घरात केस पिकवलेली. वैशाखात आबा गेले. मृत्युपत्र नव्हतं. वारस दोघंच, ती आणि धाकटा माणिक. ठरलं होतं इतकंच की, मूल्यांकन करणारे साहेब घराचा जो आकडा लिहितील, त्याच्या निम्मे अक्कानं माणिकला द्यायचे आणि घर ठेवून घ्यायचं. आकडा मोठा निघाला, तर तिला झेपणार नाही, घर विकावं लागणार. माणिकच्या बायकोला दुसरी कुठलीच वाटणी मान्य नव्हती.

म्हणून तर माणिक महिनाभर फोनवर घसा कोरडा करत होता. अक्का, काही करू नकोस. ओल राहू दे, पोपडे राहू दे, गळतीखालची बादलीसुद्धा तिथंच असू दे. साहेबांना दिसू दे सगळं. अक्का 'बरं' म्हणायची. बरं, बरं आणि बरं! पालथ्या घड्यावर पाणी.

परका माणूस घर बघायला येणार म्हटल्यावर तिच्यानं राहवेना. पोपडे खरवडले, दोन हात चुना दिला, बादली माळ्यावर टाकली. खिडक्यांना निळा रंग, अंगणात सडा, दारात रांगोळी, चौकटीला झेंडूचं तोरण. मुलगी दाखवायची असावी, तसं घर नटवलं. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा, तोही धुऊनपुसून!

साहेब आले. मेढेकर नाव, हातात टेप, बोलणं मोजकं. बूट काढा म्हणायचा अक्काला संकोच झाला. खोलीमागून खोली, भिंतीमागून भिंत मोजत ते उत्तरेच्या भिंतीशी थबकले. त्या चुनाधवल शुभ्रतेखाली एक सावळी, सुस्त, ओलसर छाया अजून श्वास घेत होती. साहेबांनी तिथं बोट दाबलं. माणिकच्या जिवात जीव आला.

"पावसाळ्यात गळतं का हो बाई?"

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. एक अक्षर! यंदाचा अख्खा श्रावण तिनं अंथरूण या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात ओढत काढला होता. साहेबांच्या पाठीमागून माणिक मान हलवून हलवून खुणावत होता.

"आमच्या आबांनी बांधलंय," अक्का म्हणाली. "थेंब आत येत नाही."

साहेबांनी वहीत काहीतरी खोडलं, काहीतरी लिहिलं. अहवाल आठ दिवसांनी मिळेल म्हणाले. माणिकनं फारच गळ घातली, तेव्हा जाता जाता अंदाज सांगून गेले. आयुष्यभर शिवणयंत्र चालवून अक्कानं साठवलेलं सगळं दुप्पट केलं असतं, तरी त्याच्या निम्म्याला पुरलं नसतं.

माणिक पायरीवर बसला. त्याला तिचा संताप आला, आणि संतापापेक्षा जास्त कीव आली.

"अक्का, घर गेलं ना गं हातचं. एकदा खरं बोलली असतीस तर?"

"परक्या माणसापुढं आबांच्या घराला नावं ठेवू?"

डोकं आपटावं म्हटलं, तर भिंतही ताज्या चुन्याची!

उन्हं कलली. सड्याच्या ओल्या मातीनं साहेबांच्या बुटांचे ठसे घरभर उमटले होते. अक्कानं पदर खोचला, फडकं भिजवलं. आणि आतल्या खोलीपासून एकेक ठसा पुसत, मागं मागं सरकत, ती स्वयंपाकघरातून सोप्यात आली, सोप्यातून उंबऱ्यावर, उंबऱ्यावरून बाहेर. घर लखलखत होतं. फरशी ओली होती. तिच्यावर पाऊल टाकायचं अक्काच्या जिवावर आलं. ती उभी राहिली तशीच, अनवाणी, दाराबाहेर, ऊन मावळेपर्यंत.