ह्यात स्विक्त नाही

वाल्द्रेसच्या खोऱ्यात हाल्वार्ड काकांच्या तोंडून कौतुक काढणं म्हणजे गोठलेल्या तळ्यातून मासा काढण्याइतकं चिकाटीचं काम होतं. जेवण फक्कड झालं तरी ते म्हणायचे, "वाईट नाही." स्वतःच्या लग्नाच्या दिवशी नवरी कशी दिसते असं कुणी विचारलं, तेव्हाही ते "वाईट नाही" असंच म्हणाले होते. गुन्वोर आत्या ते आजही त्यांना ऐकवायची. त्यामुळे काकांनी तीरिलने काढलेला फोटो बराच वेळ न्याहाळून, चष्मा काढून, "ह्यात स्विक्त नाही," असं म्हटलं, तेव्हा पोरीला आभाळ ठेंगणं झालं.

तीरिल ऑस्लोची. फोटोग्राफी शिकायला खोऱ्यातल्या शाळेत आली आणि वसतिगृहातलं जेवण आठवडाभर सोसून आत्याकडे राहायला आली, ती तिथलीच झाली. आत्या आणि काका दोघंही नाचणारे. इथे नाचणारे म्हणजे स्प्रिंगार नाचणारे. बाकी कशाला इथे कुणी नाच म्हणत नाही. दर शनिवारी गावाच्या सभागृहात व्हायोलिन वाजायचं आणि जोड्या गोल फिरायच्या. त्या सभागृहाच्या भिंतीवर गावातल्या नामांकित जोड्यांचे फोटो ओळीने टांगलेले होते. त्यात एक खिळा मोकळा होता. तो आत्या-काकांचा.

खिळा मोकळा राहण्याचं कारण मजेशीर होतं. त्यांचा एकही फोटो कधी धड आलाच नव्हता. प्रत्येकात दोघांचे गुडघे वाकलेले, डोळे अर्धवट मिटलेले. पाहणाऱ्याला वाटावं, दोघं न दिसणाऱ्या बाकावर बसायला निघालेत. पण आता ह्या मजेत कुणाला मजा वाटत नव्हती. ईस्टरनंतर काकांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं आणि पुन्हा नाचता येईल की नाही, ह्यावर डॉक्टर नुसते खांदे उडवत होते. फोटो व्हायचा तर ह्याच हिवाळ्यात. गावच्या नाचमंडळाने ते काम तीरिलवर सोपवलं, आणि तिनेही ते उत्साहाने अंगावर घेतलं.

तिने पहिल्या शनिवारी फ्लॅश लावून ढीगभर फोटो काढले. मग स्वयंपाकघराच्या टेबलावर लॅपटॉप मांडून तिचे प्रयोग सुरू झाले. एका फोटोतले काका घेतले, दुसऱ्यातली आत्या, तिसऱ्यातला आत्याच्या घागऱ्याचा घेर. वाकलेले पाय सरळ केले. पँटमधून उठून दिसणारा गुडघ्याचा पट्टा पुसला, काकांच्या जाकिटाच्या पाठीवरच्या सुरकुत्या इस्त्री फिरवल्यासारख्या घालवल्या, आणि शेवटी दोघांना जमिनीपासून वीतभर वर उचललं. शाळेतल्या सरांना फोटो पाठवला, ते लगेच खूश झाले. आत्या समोर बसून जाकिटाचं चांदीचं बटण शिवत होती. शनिवार झाला की रविवारी तिचं हे काम ठरलेलं; हल्ली दोराच चांगला मिळत नाही, असं तिचं म्हणणं. तिने फोटोकडे पाहिलं आणि "फारच वर गेलोय गं आम्ही," एवढंच म्हणाली. मग काका आले, आणि ते स्विक्तचं वाक्य बोलून लाकडं आणायला बाहेर निघून गेले.

तीरिलच्या शहरात स्विक्त म्हणजे खोट. म्हणजे दगा. मित्र ऐनवेळी पाठ फिरवतो ती स्विक्त, हृदय बंद पडतं तीही स्विक्त. ह्यात खोट नाही, असं हाल्वार्ड काका म्हणाले! तिने त्याच दिवशी फोटो मोठा छापायला टाकला.

गुरुवारी सरावाला ती कॅमेरा घेऊन कोपऱ्यात उभी होती. व्हायोलिन वाजवायला ऐलिफ होता. बोटं लोण्यासारखी आणि जीभ कुऱ्हाडीसारखी, अशी त्याची ख्याती. गावात नव्याने आलेलं एक शिक्षक जोडपं जीव तोडून गिरक्या घेत होतं. ऐलिफने मध्येच गज थांबवला.

"मास्तर, स्विक्त कुठे ठेवून आलात? घरी? गुडघ्यात स्विक्त नाही त्याला नाच म्हणत नाहीत. त्याला कपाट सरकवणं म्हणतात."

सगळे हसले. मास्तरही हसले. तीरिलने मात्र कॅमेरा खाली घेतला. मधल्या सुट्टीत तिने ऐलिफला गाठून, ही स्विक्त म्हणजे नक्की काय, असं विचारलं. त्याने व्हायोलिन खाली ठेवलं आणि उभ्या जागी नुसता गुडघ्यांत खाली गेला, अगदी थोडा, आणि परत वर आला. त्या एवढ्याशा हालचालीत सत्तरीचा माणूस पिसासारखा हलका दिसला. खाली जाणं आणि वर येणं, तेवढंच, असं तो म्हणाला. उडी कुणीही मारील. खाली जायला माणूस जमिनीशी सलोख्याचा असावा लागतो.

"आणि एखाद्याला म्हटलं, ह्यात स्विक्त नाही, तर?"

"तर त्याने कोट घालून घरी जावं," ऐलिफ म्हणाला. "का गं? कुणाला म्हटलं कुणी?"

तीरिलने कोट घातला आणि घरी गेली.

काका बटाटे सोलत होते. तिने बूटही न काढता विचारलं, की तुम्ही मला सरळ सांगितलं का नाही. काकांना प्रश्नच कळेना. "सांगितलं की," ते म्हणाले. मग तिचा चेहरा पाहून त्यांनी सुरी बाजूला ठेवली. "हे बघ, फोटोतला माणूस देखणा आहे. माझं काही म्हणणं नाही. फक्त तो माझ्या बायकोबरोबर कशाला नाचतोय, ते कळेना."

तीरिलला रडू आणि हसू एकदमच आलं. खरं तर तिला स्वतःचाच राग आला होता. ज्या वाकलेल्या गुडघ्यांमुळे आधीचे सगळे फोटो बाद झाले, तेच गुडघे म्हणजे नाच होता. आणि तिने ते सरळ करून, वर छापायला टाकले होते. त्या बुटक्या, ओबडधोबड स्वयंपाकघरात ती दोन माणसं तिला केवढी प्रिय झाली होती, हेही तिला तेव्हाच कळलं.

आत्याने हात पुसले, तिला टेबलाच्या आणि शेगडीच्या मधल्या जागेत ओढलं आणि म्हणाली, आधी नाच, मग फोटो काढ. स्प्रिंगारचे ठोके तीन, पण एकासारखा दुसरा नाही: पहिला घाईत, दुसरा रेंगाळणारा, तिसरा मधलाच. तीरिल प्रत्येक वेळी दुसऱ्यावर घाई करायची. "थांब, थांब, तिथे काही गाडी सुटत नाही," आत्या म्हणायची. काका बटाटे सोलता सोलता पायाने ठोका धरून होते. कितीतरी वेळाने एकदा तीरिलचा गुडघा योग्य ठिकाणी सुटला, आत्याबरोबर ती खाली गेली आणि दोघी एकदमच वर आल्या. तिला ते पायांत कळलं. डोक्याला नंतर पत्ता लागला.

शनिवारी तिने फ्लॅश घरीच ठेवला. शटर इतकं सावकाश ठेवलं, की शाळेतल्या सरांनी डोक्याला हात लावला असता. अशा वेळी कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवायचा असतो. तिने तो हातात धरला, आणि आत्या-काका समोरून फिरायला लागले तशी स्वतःच कडेला उभी राहून त्यांच्याबरोबर गुडघ्यांत खाली-वर व्हायला लागली. लोक तिच्याकडे पाहून हसले. ऐलिफने वाजवता वाजवता तिला भुवई उडवून दाखवली. बहुतेक फोटो वाया गेले. नुसता गढूळ रंगांचा काला. पण एक असा आला, की घरी लॅपटॉपवर उघडल्यावर तिने खुर्चीच मागे सरकवली. भिंत, दिवे, बघणारी माणसं, सगळं वर-खाली लाटेसारखं ओघळलेलं, आणि त्या ओघळात दोन चेहरे स्वच्छ. गुडघे वाकलेले. पट्टा दिसतोय. तरी दोघं बसताहेत असं कुणाच्या बापाला वाटलं नसतं.

आत्या मागे येऊन उभी राहिली. मग तिने पडद्यावर एका जागी बोट ठेवलं.

नाचताना बाईचा हात गड्याच्या खांद्यावर अलगद टेकलेला असतो. फोटोत तो तिथे नव्हता. तो काकांच्या पाठीवर, दुखऱ्या गुडघ्याच्या बाजूला, खाली उतरला होता आणि त्याने जाकीट मुठीत धरलं होतं. कापडाला ताणाच्या सुरकुत्या पडल्या होत्या, आत्याच्या मनगटाची शीर वर आली होती. तीरिलला आता आठवलं, ह्याच सुरकुत्या तिने पहिल्या फोटोत पुसल्या होत्या. काय पुसतोय ते न कळता.

"खाली गेला की त्याला वर येता येत नाही," आत्या हळू आवाजात म्हणाली. "मीच आणते. त्याला वाटतं तोच मला नाचवतोय. वाटू दे. तुला येतं ना काढून टाकायला? जुन्या फोटोतला माझा हात घे आणि लाव खांद्यावर. भिंतीवर त्याने तरी ताठ असावं."

तीरिलने आढेवेढे घेतले. आत्ताच कुठे खरा फोटो मिळाला होता. पण आत्याने तिच्याकडे असं पाहिलं, की पुढे बोलवेना. तिने जुना हात आणला, खांद्यावर ठेवला, मूठ झाकली, सुरकुत्या सपाट केल्या. काम इतकं सफाईदार झालं की तिला स्वतःलाच त्याचा तिटकारा आला.

रविवारी दुपारी काकांना फोटो दाखवला. आत्या पाठमोरी उभी राहून वाफलं, ती इथली खाचांची गोड धिरडी, भाजत होती, नेहमीपेक्षा जरा जास्तच मन लावून. काकांनी चष्मा लावला. गुडघे पाहिले, मान हलवली. चेहरे पाहिले. मग ते पडद्याच्या अगदी जवळ गेले.

"हात कुठे गेला?"

"आहे की," आत्या न वळता म्हणाली. "खांद्यावर."

"तो नव्हे. मला धरणारा."

शेगडीवरचं वाफल करपायला लागलं होतं.

"गेले दोन हिवाळे त्या हातावर नाचतोय मी," काका म्हणाले. "दर शनिवारी जाकीट मागून ओढलं जातं आणि वरचं बटण तुटतं. दोरा वाईट आहे म्हणे. माझा गुडघा गेलाय, गुन्वोर, डोकं नाही."

आत्या वळली. तिच्या हातात पीठ लागलेला डाव तसाच होता. "माहीत होतं, तर बोलला का नाहीस?"

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. इतकं लांबलचक बोलायची त्यांना सवय नव्हती.

"बोललो असतो, तर तू सोडला असतास."

आत्याने डाव खाली ठेवला. येऊन ती त्यांच्या शेजारी बाकावर बसली आणि तिचा हात, सवयीने असेल, त्यांच्या पाठीवर गेला. तीरिलने लॅपटॉप आपल्याकडे ओढला. चिकटवलेला हात काढला. खाली मूठ होती तशीच होती, सुरकुत्यांसकट जाकीट घट्ट धरून. तिने पडदा पुन्हा दोघांकडे फिरवला आणि उठून करपलेलं वाफल बाहेर काढलं.

काकांनी फोटो पाहिला. मग आत्याकडे पाहिलं, मग परत फोटोकडे.

"वाईट नाही," ते म्हणाले.

ह्या वेळी तीरिल कुणालाही अर्थ विचारायला गेली नाही.