लागलं का?

महाप्याच्या त्या प्रयोगशाळेत सगळ्यांना एकाच गोष्टीची धास्ती होती, फुगण्याची. तळहाताएवढ्या चंदेरी पाकिटातल्या लिथियम बॅटऱ्या पहिल्याच चार्जिंगला पुरीसारख्या टम्म फुगत. बोल संघप्रियाला लागत असे, कारण आतलं जेल तिचं होतं. नेहमीच्या बॅटरीत पातळ द्रावण असतं. पाकीट फाटलं की ते गळतं, पेटूही शकतं. संघप्रिया त्या द्रावणात पॉलिमर बनवणारं रसायन मिसळायची, पाकीट बंद करून ओव्हनमध्ये ठेवायची. ऊब मिळाली की सगळं आतल्या आत थिजायचं. मग गळायला काही उरत नसे. फुगायला मात्र उरत होतं.

"या खेपेला फुगलं तर जेल बंद," विभागप्रमुख अभय सर आवाज न चढवता म्हणाले. "तू तळोज्याला पातळ द्रावणाच्या लाइनवर जा. तिथे माणसं कमीच आहेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवटची पाकिटं ओव्हनमध्ये गेली. बंद पाकिटात काय चाललंय ते दिसत नाही, म्हणून शेजारी त्याच मिश्रणाची शिशी ठेवायची रीत होती. तेवढ्यात संघप्रियाला एका पुरवठादाराकडे जावं लागलं. ओव्हनपाशी राहिला बोनकोड्याचा तंत्रज्ञ हरेश. त्याची आई पुतळाबाई गावभर सांगत असे, "माझा पोरगा जेलवर हाय," आणि ऐकणारे पुढे काही विचारत नसत.

दुपारी संघप्रियाचा फोन आला. "हरेशदादा, लागलं का?"

"नाय लागलं, ताई. टेन्शन नका घेऊ."

"मग राहू दे अजून."

उन्हं कलताना पुन्हा फोन. "आता तरी लागलं?"

"अजिबात नाय! काचेसारखं हाय."

तिने घड्याळ पाहिलं. या वेळी जेल धरतच नव्हतं की काय? "असू दे ओव्हनमध्येच. मी येतेच."

आल्या आल्या तिने शिशी उचलून उलटी केली. आतलं तसूभरही हललं नाही.

"दादा, हे तर केव्हाच लागलंय!"

"कुठं? बुडाला जरा तरी पिवळं हाय का?"

"पिवळं कशाला?"

"लागलं म्हंजे करपलं ना? भात लागतो तसं."

संघप्रिया स्टुलावर बसली. "अहो, दही लागतं तसं!"

"आमच्या घरात दही कोन लावतंय? आमचं सगलं कोकमावर. मी म्हनलं, ताईंना आज जेल करपवायचंच हाय."

तिला हसू आलं आणि लगेच मावळलं. पाकिटं नेहमीच्या दुप्पट वेळ तापली होती आणि दुसरी नव्हती.

सकाळी चार्जिंग सरांसमोरच झालं. पूर्ण होताच त्यांनी एकेका पाकिटावर पोलादी पट्टी आडवी धरली. पट्टीखाली कुठेच फट दिसेना. हरेश पुटपुटला, "पुरी नाय, पोली झाली."

"कसं काय?" सरांनी विचारलं.

संघप्रिया रात्रभर तोच विचार करत होती. "शिशी उलटी केली आणि वाहिलं नाही, की आपण पाकिटं बाहेर काढत होतो. पण थिजलेलं दिसलं तरी थोडं रसायन कच्चं राहत असणार. चार्जिंगला त्याचाच वायू होत असावा. या वेळी ते शिजून संपलं."

"खात्री आहे?"

"नाही, सर. एक खेप नेहमीच्या आणि दुप्पट, अशा दोन्ही वेळांनी करून बघते. मग सांगते."

"कर. तळोज्याला मी दुसरं कुणी बघतो." दारापर्यंत जाऊन सर वळले. "वेळ वाढवायचं डोकं कुणाचं?"

"दोघांचं, सर," हरेश तत्परतेने म्हणाला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत संघप्रियाने त्याच्यापुढे स्टीलचा डबा ठेवला. हरेशने झाकण काढलं, आत पाहिलं आणि सवयीने डबा अलगद तिरका केला. दही जागचं हललं नाही.

"लागलंय, ताई," तो म्हणाला.