दोनदा ओलांडलेली नदी

पेन्सिलीचं टोक सुईसारखं झालं होतं, तरी वॉरन ते घासतच राहिला… खाली सॅन हुआन नदीची घळ, पुढ्यात तिवईवरचा फळा आणि फळ्यावर त्याचा पहिलावहिला नकाशा, जवळजवळ पुरा. वॉशिंग्टनच्या नकाशा-कचेरीतल्या कोंदट खोलीत वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या रेषा शाईनं गिरवल्या होत्या त्यानं — आणि ह्या समोच्चरेषा मात्र त्याच्या स्वतःच्या. आज नकाशा पुरा करून दिला नाही तर पुन्हा तीच खोली, असं वरिष्ठांनी निघतानाच बजावलं होतं.

तेलाच्या शोधात आलेला डोनली ह्याच नकाशासाठी खेचरं लादून खोळंबला होता. नकाशावर बोट ठेवून म्हणाला, "विहीर इथं, ह्या सपाटीवर. आण इकडे आता."

तेवढ्यात हायरम धापा टाकत वर आला. मोजणीचा दांडा घेऊन कड्याकड्यांवर उभं राहायचं, हे त्याचं काम.

"काल इथून नुसते हात हलवत होता, साहेब. तुमचं काय जातंय? त्या पलीकडच्या कड्यावर जाताना नदी दोनदा ओलांडली, येताना दोनदा. जीव मेटाकुटीला आला."

"दोनदा?"

"मग काय उडत जाऊ?"

वॉरननं पेन्सिल खाली ठेवली. दुर्बिणीतून दांडा लख्ख दिसला होता, मधे ही एकच घळ, पलीकडे जमीन सलग… दिसली सलग म्हणून काढली सलग. म्हणजे नदी मागून आणखी एक वळसा घेत होती, काठाशी गेल्याखेरीज दिसायची नाही इतकी खोल — आणि डोनलीचं बोट नेमकं तिच्यावर होतं.

"नकाशा आज मिळायचा नाही. चुकलाय."

"वॉशिंग्टनला कळवीन मी."

"खुशाल कळवा."

डोनली पाय आपटत खेचरांकडे गेला. आता वॉरनला रडायला हवं होतं, खरं तर. नोकरीवर पाणी पडलं होतं. पण त्याला हसूच येत होतं, आतून, थांबवता न येणारं. गिरवायच्या रेषा नेहमी आधीच कुणीतरी काढलेल्या असायच्या… हे वळण कुणीच काढलेलं नव्हतं. काढायला त्यालाच मिळेल की दुसऱ्या कुणाला, कोण जाणे.

"वेड लागलं का, साहेब?" हायरमनं विचारलं.

"लागलं बहुतेक. चल, दाखव मला."

"आत्ता? अहो, जरा बसू तरी द्या."

पण वॉरन उतरायला लागला होता.