दगडूची नात सिसिलिया

कीर्तनं ऐकून ऐकून आत्मारामांना एक खोड जडली होती. कुठलंही नाव कानावर पडलं, की त्याचा अर्थ कळेपर्यंत त्यांना चैन पडत नसे. राई गावच्या देवळात दर एकादशीला शिवदासबुवा उभे राहत आणि पूर्वरंगात एकेक शब्द उसासारखा सोलून दाखवत. आत्माराम पहिल्या रांगेत. टाळी चुकली तर शेजारच्याची, त्यांची कधी नाही.

या खोडीनेच त्यांचा बुधवारी घात केला.

त्यांची नात सातव्या महिन्यातच जगात आली होती. वजन अकराशे ग्रॅम. हॉस्पिटलात काचेच्या पेटीत ठेवली होती, वर चिठ्ठी, ‘बेबी ऑफ रसिका’. उत्तनच्या सिसिलिया सिस्टर तिला नळीने दूध देताना गुणगुणायच्या आणि काचेबाहेर आत्मारामांची बोटं नकळत ठेका धरायची. एका एकादशीला, गजर रंगात आला असताना, त्यांनी पांडुरंगाला शब्द दिला, ‘पोर घरी येऊ दे, नाव त्या माउलीचंच ठेवीन.’

पोर घरी आली. मुलाला, परागला, नाव आवडलं. सून रसिका तर त्या सिस्टरांचं नाव निघालं की डोळे पुसायची. रविवारी हाटकेश भागातल्या घरी बारसं ठरलं, सिस्टरांनाही आमंत्रण गेलं. त्याआधी शुक्रवारी फक्त डोळ्यांची तपासणी उरली होती. इतक्या लवकर आलेल्या बाळांच्या डोळ्यांचा पडदा कधी कधी नीट वाढत नाही म्हणे. मागच्या खेपेला डॉक्टर म्हणाले होते, “आत्ताच खात्री देता येत नाही.”

आणि बुधवारी आत्माराम शेजारच्या सुभाषना म्हणाले, “तुमच्या मोबाइलमध्ये बघा हो, सिसिलियाचा अर्थ काय?”

सुभाषनी वाचलं आणि चष्मा काढला. “लॅटिन आहे. जुन्या रोमन घराण्याचं नाव.”

“अर्थ?”

“अर्थाचं काय घेऊन बसलात.”

“सुभाष, वाचा.”

“मुळात... आंधळी.”

घरी त्यांनी ताट तसंच बाजूला सारलं. “पोट बिघडलंय का?” बायकोने, जिजाबाईंनी, विचारलं, तर “हो” म्हणाले. देवाला दिलेला शब्द मोडायचा कसा? आणि ज्या लेकराचे डोळे अजून देवाच्या हातात, त्याच्या कानात ‘आंधळी’ म्हणून सांगायचं कसं?

गुरुवारी सकाळी ते बसने उत्तनला गेले. सिस्टरांची सुट्टी होती. अंगणात त्या बोंबील वाळत घालत होत्या. “काका? पोर बरी हाय ना?”

“बरी आहे. सिस्टर, तुमच्या नावाचा अर्थ माहीत आहे तुम्हाला?”

“आंधळी,” त्या सहज म्हणाल्या. “शाळेत कमी चिडवलंय का पोरांनी. पण संत सिसिलिया गाणाऱ्यांची हाय. माझी आजी चर्चमध्ये गायची, तिनं हौसेनं ठेवलं.” मग त्यांच्या लक्षात आलं. हातातले बोंबील तसेच राहिले. “उद्या तपासणी हाय, म्हणून घाबरलात होय? बदला नाव. मला राग न्हाय.”

सुटका समोर होती. तरी आत्माराम उठेनात.

“तुम्हाला घरी काय म्हणायचे, काका?”

“दगडू. माझ्या आधीचे दोघे गेले. दगडाला कोण नेतंय, म्हणून आईने ठेवलं.”

“मग झालात दगड?”

आत्माराम हसले. आई हाक मारायची, “दगड्या, जेवायला ये रे,” तेव्हा त्या हाकेत दगड कुठे होता? त्या हाकेवर तर ते सत्तर वर्षं जगले होते. “नाव तेच राहील,” ते म्हणाले. “उद्या काय व्हायचं ते होवो.” निघताना सिस्टरांनी त्यांना बोंबलाची पुडी देऊ केली. “माळकरी आहे हो मी,” म्हणून त्यांनी नुसते हात जोडले.

शुक्रवारी डोळ्यांत थेंब टाकताच पोरीने हॉस्पिटल डोक्यावर घेतलं. डॉक्टरांनी बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, “दोन्ही डोळे छान आहेत. पडदा पूर्ण वाढलाय.”

आत्मारामांनी उपरण्याचं टोक डोळ्यांना लावलं.

“बाबा, रडताय?” रसिकाने विचारलं.

“छे गं. थेंब माझ्याही डोळ्यांत टाकले वाटतं.”

रविवारी आत्या, सुरुची, पाळण्यावर वाकली तेव्हा सुभाष हळूच कानाशी आले. “तेच ठेवताय? अर्थ कळूनसुद्धा?”

“सुभाष, मी घरचा दगडू. बुडालो का? रामाचे दगड तरतात.”

“कुर्र,” सुरुचीने नाव सांगितलं. सिस्टर मागे उभ्या होत्या, पदराने नाक पुसत. बायकांनी पाळणा धरला, आत्मारामांनी टाळी. पोर समईच्या ज्योतीकडे टक लावून बघत होती, ज्योत हलली की तिची नजरही हलत होती. आत्माराम तिच्याकडेच बघत राहिले.

त्या दिवशी टाळी चुकली, ती त्यांचीच.