नुसते उभे

पहिला तुकडा.
पॅरिसबाहेरची बाग, पहिल्या महायुद्धाच्या आधीची. पांढऱ्या शर्टातली दोन माणसं, हातात तलवारी. मागे काळ्या कोटातला डॉक्टर.

(इथे फिल्म नाही.)

शेवटचा तुकडा.
एकाच्या मनगटातून रक्त. डॉक्टर धावतो.

मधलं कुठे गेलं?

ओहायोतल्या डब्लिनजवळ एका छोट्या फिल्म-संग्रहात आश्लेषा काम करते. ही फिल्म आली तेव्हा डब्यात काकवीसारखी चिकटली होती. अशी फिल्म स्कॅनरमधून एकदाच जाते. गेली. प्रत्येक चौकटीची वेगळी फाइल झाली.

लढत खरी की नाटकी? तिनं नीलला लॅपटॉपवर दाखवली. मैत्रिणीचा मुलगा, इथंच जन्मलेला, तलवारबाजीचा कोच.

"मावशी, धिस इज रिअल."

"कशावरून?"

"कोणी अटॅकच नाही करत. दे आर स्केअर्ड. सिनेमात माणसं अशी उभी नाही राहत."

म्हणजे ते उभं राहणं हाच पुरावा. मरणाला भिणारी माणसं तलवार कशी धरतात, हे पुस्तकात नाही. ते इथं होतं.

(जोड.)

घरी, जेवणाचं टेबल. नवरा शंतनू, आयटीतला.

"एवढा वेळ नुसते उभे? तुझे ट्रस्टी झोपतील यार."

"मीटिंगसाठी छोटी कॉपी करून दे ना." तिनं स्कॅनची ड्राइव्ह त्याच्याकडे सरकवली.

"डन."

त्यानं कॉपी केली नाही. ड्राइव्ह भरली होती. जिथं काही घडत नव्हतं त्या फाइली त्यानं उडवल्या, उरलेल्यांना सलग नंबर दिले. ऑफिसात तो हेच करतो, सिस्टिम हलकी करतो. नंबर सलग, म्हणून संग्रहाच्या सर्व्हरनं तक्रार केली नाही. तिनंही उघडून पाहिलं नाही. ड्राइव्ह लावली, फाइली सर्व्हरवर चढवल्या.

स्कॅन चढलं की सडलेली मूळ फिल्म ठेवायची नाही, असा नियम. जुनी नायट्रेटची फिल्म ती, कधीही पेट घेते. ट्रक आला, घेऊन गेला.

ट्रस्टी खूश झाले. रक्त लगेच येतं ना.

(जोड.)

तिला कळलं ते मीटिंग झाल्यावर, सर्व्हरवरची फिल्म चालवली तेव्हा. या चौकटीत दोघं उभे. पुढच्या चौकटीत रक्त.

"मूळ असेलच ना तुझ्याकडे?" शंतनू म्हणाला.

"मूळ स्कॅनच दिलं होतं तुला."

"अगं, बॅकअप... बॅकअप कोणीतरी घेतंच, आशू."

डिशवॉशर चालू होता.

(जोड.)

नीलचा क्लब, दंतवैद्य आणि पिझ्झाच्या दुकानाच्या मधोमध. क्लास सुटला होता.

"आता बघणारा म्हणेल, स्टेज्ड आहे," नील म्हणाला. "कट दिसतो, मावशी. आय विल टेल देम, मी पाहिलं होतं."

"आपण पाहिलं होतं याला पुरावा म्हणत नाहीत रे."

त्यानं भिंतीवरची एक तलवार काढून तिच्या हातात दिली. "दाखव. विसरायच्या आत."

(इथे फिल्म नाही. इथे आश्लेषा आहे.)

डावीकडचा माणूस असा. गुडघा किंचित वाकलेला. तलवारीचं टोक समोरच्याच्या छातीकडे नाही, मनगटाकडे. एकदा रिकामा तळवा पँटला पुसतो. समोरचा ओठ चाटतो. वाऱ्यानं शर्ट हलतो, माणसं हलत नाहीत. मग डावीकडचा अर्धं पाऊल मागे. का, कोणास ठाऊक. पुढे...

पुढे तळवा आधी पुसला होता की पाऊल आधी?

नीलनं शूट करायला फोन काढून तिच्याकडे धरला.

"नको," ती म्हणाली. "ते नाटक होईल."

त्यानं फोन खाली घेतला. ती मात्र तशीच उभी राहिली, टोक त्याच्या मनगटाकडे, आधी काय झालं होतं ते आठवत.